अंगठा उठत नाही म्हणून...

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे पावणेआठ झाले असतील. मी मांडव्याच्या एसटी थांब्यावर उभी होते. रो-रोतून उतरलेल्या मुंबईच्या गाड्या एकामागून एक अलिबागच्या दिशेने पळत होत्या. २०२० साली ही रो-रो सुरू झाल्यापासून आमच्या रस्त्याला उसंत म्हणून नाही. थांब्यावर जवळच्या कोळीवाड्यातली एक ओळखीची बाई होती. धड कडेवर नाही, धड पाठीवर नाही, असा तिने आपला मुलगा सावरून धरला होता. मुलगा एकवीस वर्षांचा. जन्मतः सेरेब्रल पाल्सी. हातपाय आखडलेले, बोलणं फक्त आईला कळणारं.

"कुठे निघालीस एवढ्या सकाळी?" मी विचारलं.

"तालुक्याला. याचं पैसं चार महिने झाले आलं नाय. मशीनवर अंगठा उठत नाय त्याचा. आता बोटंच सरळ होत नाय तर अंगठा कुठून उठंल, ताय?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एसटी आली. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण एसटीची पायरी काही सवलतीत खाली येत नाही. कंडक्टर उतरला, एका कॉलेजच्या मुलाने हात दिला, तेव्हा कुठे मायलेक आत गेले. मी ठरवलेलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांच्याबरोबर गेले. त्या दिवशी जे पाहिलं, त्यावर आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी काही मोठी समाजसेविका नाही. बी. ए. झाले, लग्न करून या किनाऱ्यावर आले, आणि मुलं मोठी झाल्यावर बचत गटाच्या निमित्ताने घराबाहेर पडले. गटातल्या बायका कर्जाचे फॉर्म घेऊन यायच्या, मग रेशनचे, मग दाखल्यांचे. आता आमच्या पडवीत दर मंगळवारी निराधार आणि दिव्यांगांचे फॉर्म भरायचं काम चालतं. त्यामुळे सरकारी योजनेचा कागद मला वाचता येतो, आणि त्या कागदामागचं घरही दिसतं.

आधी चांगली गोष्ट सांगते. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात १९८० सालापासून आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेली गरीब माणसं यांना त्यातून दरमहा पैसे मिळतात. मी हे काम सुरू केलं तेव्हा ही रक्कम ६०० रुपये होती. २०१९ मध्ये ती १००० झाली, २०२३ मध्ये १५००. आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती २५०० रुपये करण्यात आली. ही वाढ कुणी आपणहून ताटात वाढली नाही. त्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणं झाली. जून २०२५ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले होते, तेव्हा दिव्यांगांना महिना सहा हजार रुपये द्या, ही त्यांची एक मागणी होती. सहा नाही मिळाले, पण अडीच मिळाले. ज्या घरात महिन्याला डायपरचाच खर्च हजाराच्या वर जातो, त्या घराला विचारा, या हजार रुपयांच्या वाढीचं मोल काय ते.

पण याआधीचं एक वर्ष आठवा. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या बाईला दरमहा १५०० रुपये. आपल्यापैकी कितीतरी जणींना ते मिळाले. कुणी मुलांची फी भरली, कुणी शिलाई मशीन घेतलं. मला त्याचा आनंदच आहे. पण त्याच वेळी, ज्या दिव्यांग बाईला निराधार योजनेचे १५०० मिळत होते, तिला लाडक्या बहिणीचे मिळणार नव्हते, कारण दुसऱ्या योजनेतून तेवढी रक्कम घेणारी बाई त्यात बसत नव्हती. आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट होती वर्षाला ५० हजारांची! म्हणजे धडधाकट बाईलाही १५००, आणि जिला पाण्याचा तांब्याही स्वतःच्या हाताने उचलता येत नाही तिलाही १५००. वर तिची अट पाचपट कडक.

आपल्या देशात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आधी अपंगत्वाचे सातच प्रकार कायद्याला माहीत होते, या कायद्याने ते २१ केले. त्याच्या २४ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे, की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगांना मिळणारी मदत ही इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. लाडकी बहीण ही 'तशीच' योजना आहे की नाही, यावर वकील वाद घालतील. साधा हिशेब मात्र कुठल्याही गृहिणीला कळतो. आजारी माणसाच्या ताटात आपण जास्तीचं तूप वाढतो. त्यात कुणी उपकार केले असं म्हणत नाही.

आता परत त्या मायलेकांकडे येऊ. पैसे वाढले, मग आले का नाहीत?

रक्कम बदलली तशी ती देण्याची पद्धतही बदलली. पूर्वी तहसीलमधून यादी बँकेत जायची आणि पैसे खात्यात पडायचे. डिसेंबर २०२४ पासून राज्याने हे पैसे डीबीटीने, म्हणजे थेट आधार जोडलेल्या खात्यात द्यायला सुरुवात केली. यात वाईट काही नाही. मधले दलाल गेले, पैसे रेंगाळायचे कमी झाले. माझ्या ओळखीच्या कितीतरी आज्या सांगतात की आता मोबाईल वाजला की पैसे आले, कुणाच्या पाया पडायला नको.

पण या मुलाचं काय झालं ते ऐका. त्याचं आधार कार्ड लहानपणी काढलेलं. मुलं पंधरा वर्षांची झाली की बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. याची बोटं आखडलेली, मान स्थिर राहत नाही, त्यामुळे डोळ्यांचा फोटो हलतो. दोनदा नेलं, दोनदा परत पाठवलं. मग घरच्यांनी नाद सोडला. आधार अद्ययावत नाही म्हणून खात्याला जोडलं जात नाही. खातं आईच्या नावाबरोबरचं, आणि पैसे तर मुलाच्या आधारवर येणार. नवं खातं काढायला गेले तर बँकेने विचारलं, मुलगा अठरा वर्षांवरचा आहे, सही कोण करणार? पालकत्वाचा कागद आणा. आई म्हणाली, "मीच तर जन्म दिलाय त्याला, आनखी कुठला कागद?"

बँकेतला तो तरुण काही दुष्ट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण त्याच्या संगणकात एक चौकोन रिकामा होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आजकाल नाही म्हणणारं माणूस समोर नसतंच. भांडायचं तरी कुणाशी?

बरं, हे झालं पैशांचं. अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच. आता देशभर एकच यूडीआयडी कार्ड चालतं. कल्पना चांगली आहे, कारण एका जिल्ह्यातला दाखला दुसऱ्या जिल्ह्यात चालत नाही, ही जुनी रड त्याने संपली. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि अर्ज केल्यावर दाखला देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली. त्याच वर्षी आपल्या राज्यात खोट्या अपंग प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली होती. खोटे दाखले काढणारे आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांना पकडायलाच हवं. खोट्याने घेतलेली नोकरीची जागा खऱ्या दिव्यांगाचीच असते. पण चोर पकडायला लावलेलं कुंपण सगळ्यात आधी कुणाला अडतं? ज्याला कुंपणावरून उडी मारता येत नाही, त्यालाच. खोटा दाखला काढणाऱ्याला गाडी असते, ओळख असते, इंग्रजी येतं. त्याची तपासणी त्याला चार तास खर्चात पाडते. या आईची चार दिवसांची मजुरी बुडवते.

हे आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. माझी चुलत नणंद अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. तिच्या शेजारच्या मराठी कुटुंबातला मुलगा ऑटिझमचा आहे. ती आई मेडिकेडच्या बातम्या वाचून झोपेनाशी झाली आहे, असं नणंद फोनवर सांगत होती. मेडिकेड म्हणजे गरीब आणि अपंग माणसांच्या उपचारांसाठी १९६५ पासून तिथे चालू असलेली सरकारी योजना. पैसे केंद्र आणि राज्य मिळून घालतात, कारभार राज्याचा. गंमत बघा, माणसाला नर्सिंग होममध्ये ठेवायचा खर्च देणं राज्यांना बंधनकारक आहे, पण त्याच माणसाला घरी येऊन अंघोळ घालणारी, जेवू घालणारी मदत देणं राज्याच्या मर्जीवर. तिजोरीत खडखडाट झाला की कात्री आधी कशाला लागणार, हे वेगळं सांगायला नको.

जुलै २०२५ मध्ये तिथे नवा कायदा झाला. मेडिकेड घेणाऱ्या बऱ्याच प्रौढांना महिन्याला ८० तास काम करत असल्याचं दाखवावं लागणार, पात्रता दर सहा महिन्यांनी तपासली जाणार. अपंगांना कामाच्या अटीतून सूट आहे. पण आपण सूट मिळण्याइतके अपंग आहोत, हे सिद्ध कुणी करायचं? त्यांनीच. अमेरिकी संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने म्हटलंय की या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसं विम्याबाहेर जातील. आर्कान्सा राज्याने अशी अट २०१८ मध्येच लावून पाहिली होती. काही महिन्यांत सुमारे १८ हजार माणसांचं मेडिकेड गेलं. त्यातले बरेच जण काम करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. फक्त ते वेळेवर कळवू शकले नाहीत. शेवटी २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

ते वाचल्यावर मला आपल्या बाईचा मुलगा आठवला. एवढी श्रीमंत महासत्ता आणि आपला हा कोळीवाडा, पण दोन्हीकडे मदत बंद होते ती 'देणार नाही' असं कुणी म्हटल्यामुळे नव्हे. कागद पोचला नाही, म्हणून.

आणि मैत्रिणींनो, हा कागद पोचवतं कोण? माझ्या पडवीत येणाऱ्या दिव्यांगांबरोबर कोण येतं, ते मी अनेक वर्षं बघते आहे. आई येते. आई नसेल तर बहीण, बायको, आजी. वडील क्वचित. ते बोटीवर नाहीतर कामावर असतात, असं म्हणून आपण सोडून देतो. त्या कोळणीला मी विचारलं, या चार महिन्यांत किती खेपा घातल्या? तिने बोटांवर मोजलं. अकरा. त्या अकरा दिवसांत तिची पाटी बाजारात गेली नाही. मासळी विकली नाही तर त्या दिवसाचे पैसे कोण देतं? आणि खेपा नसतात त्या दिवशीही मुलाला उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री दोनदा उठून कूस बदलणं आहेच. एकवीस वर्षं. तिची स्वतःची कंबर आता पट्ट्यावर आहे.

याला आपण काय म्हणतो? आईची माया. ती आहेच. पण २०१६ च्या कायद्याने याला कामही म्हटलं आहे. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी 'काळजीवाहक भत्ता' असावा, हे त्याच २४ व्या कलमात लिहिलं आहे. केरळने तर २०१० मध्येच 'आश्वासकिरणम्' नावाची योजना काढून अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला दरमहा पैसे द्यायचं ठरवलं. रक्कम अगदी छोटी, पण ती आईच्या नावाने. अमेरिकेतही अनेक राज्यांत मेडिकेडमधून घरच्याच माणसाला या कामाचे पैसे मिळतात. आमच्या भागात मी ज्या घरांत जाते, तिथल्या एकाही आईच्या हातात असा भत्ता पडलेला मी पाहिलेला नाही. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं सुरू केलं, याचा आपण अभिमान बाळगतो. त्या खात्याकडे माझी एकच मागणी आहे. रक्कम वाढवलीत, आभार. आता या आईचा दिवस मोजा.

आणि दुसरी गोष्ट, ज्याला उठता येत नाही त्याला बोलावू नका. तुम्ही या. निवडणुकीत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना घरून मत देता येतं, २०२४ च्या लोकसभेला अधिकारी पेटी घेऊन घरोघर गेलेच की. मताच्या पेटीला जर घरचा रस्ता सापडतो, तर आधारच्या मशीनला का सापडू नये?

आता थोडं आपल्या हातातलं. नुसती सरकारला नावं ठेवून आपलं काम संपत नाही.

आधार. बोटांचे ठसे मिळत नसतील तर डोळ्यांवरून, आणि दोन्ही मिळत नसतील तर 'अपवाद' म्हणून नोंदणी करायची सोय आधारच्या नियमांत आहे. केंद्रावरचा माणूस नाही म्हणाला तर परत फिरू नका, अपवादाची नोंद करा म्हणून सांगा. आणि मूल पाच वर्षांचं आणि पंधरा वर्षांचं झालं की ठसे नव्याने देण्याचं विसरू नका.

पालकत्व. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घेता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. कोर्टात जावं लागत नाही. अठरावा वाढदिवस झाला की लगेच करा, बँकेने विचारायची वाट बघू नका.

औषधपाणी. महात्मा फुले जनआरोग्य योजना आपल्या रायगडात पहिल्याच टप्प्यात, २०१२ मध्ये, राजीव गांधी जीवनदायी या नावाने आली होती. २०२३ मध्ये ती सगळ्यांना लागू करून मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. पण तिचा भर दाखल होऊन करायच्या उपचारांवर, ऑपरेशनांवर. आठवड्याला तीनदा लागणारी फिजिओथेरपी त्यात भागत नाही. त्यासाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना आहे. वर सांगितलेल्या चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च, त्यात थेरपी आणि बाहेरून घ्यायची औषधंही येतात. आमच्या दहा घरांपैकी नऊ घरांना तिचं नावही माहीत नव्हतं.

आणि शेवटचं, ग्रामपंचायत. आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. आधी हे तीन टक्के होतं, २०१८ मध्ये पाच झालं. आता मांडवा, सासवणे, आवास, किहीम या आपल्या पट्ट्यात बघा. केवढाले बंगले उभे राहिलेत! त्यांची घरपट्टी ग्रामपंचायतीतच जमा होते ना? मग त्या घरपट्टीतल्या दर शंभर रुपयांतले पाच रुपये आपल्या गावातल्या या मुलांचे आहेत. ते कुठे गेले, चाकाच्या खुर्चीत गेले की नुसत्याच कागदावर राहिले, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा असते. तिथे पुरुष बोलू देत नाहीत ही सबबही चालणार नाही. एकीने उठून विचारलं की दुसरीला धीर येतो. गेल्या सभेत आमच्या गटातल्या सहाजणींनी विचारलं. उत्तर पूर्ण मिळालं नाही, पण पुढच्या सभेत हिशेब मांडायचं लिहून घेतलं गेलं. आम्ही जाणार आहोत.

त्या मायलेकांचं काय झालं, हे तुम्हाला वाटत असणार. त्या दिवशी तिसऱ्या खटपटीत मुलाच्या एका डोळ्याचा ठसा नीट आला. आईने त्याला त्याचं आवडतं बोटीचं गाणं ऐकवलं, तो क्षणभर स्थिर झाला, आणि मशीनने हो म्हटलं. केंद्रातल्या मुलीने टाळ्या वाजवल्या. पालकत्वाचा अर्ज दिलाय, तो मिळाला की खात्याचं काम होईल.

परतीच्या एसटीत तो आईच्या मांडीवर झोपला होता. ती खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "ताय, पुढल्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला परत याला आणायला लागंल काय? तवा तो आनखी वजनदार झालेला असंल."

मुलाचं वजन वाढणार, आईचं वय वाढणार. हे तहसीलच्या कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नाही. ते लिहून घ्यायला लावणं, एवढं तरी आपण सगळ्या जणी मिळून करू या.